जुनी गाडी, डाव्या कोपऱ्याला मार: क्लेम टाकू की खिशातून करू? (सोलापूर)

होटगीरोडकर | 11 फेब्रुवारी, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. गाडी जून 2014 ची, एमएच 13 पासिंग, पेट्रोल स्विफ्ट, 1197 सीसी. मोहोळ रस्त्यावर उसाच्या उभ्या ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याला पुढची डावी बाजू लागली आहे. वेग कमी होता, कुणाला इजा नाही, ट्रॉलीला काही नाही. बंपर फाटला, डावा हेडलॅम्प फुटला, फेंडर चेपलं, बॉनेटची डावी कड वर आली.

पॉलिसी फुल आहे. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) 1,80,000. झिरो डेप (पार्टवर घसारा न कापणारं कव्हर) नाही. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) 50 टक्के. बोनस वजा करण्याआधीचा ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) प्रीमियम 4,200. मुदत जूनपर्यंत.

गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट, टॅक्स धरून: बंपर 3,200, हेडलॅम्प 4,000, फेंडर 2,400, रेडिएटर सपोर्टची पट्टी 3,000, क्लिपा-ब्रॅकेट-लायनर 1,400, काढणं-बसवणं आणि डेंटिंग 7,000, तीन पॅनेलचा रंग 12,000. एकूण 33,000.

होटगी रोडच्या गॅरेजचा आकडा: बाजारातला बंपर 1,600, हेडलॅम्प 2,600, फेंडर 1,500, क्लिपा 500, मजुरी 3,500 (सपोर्ट बदलायचा नाही, ओढून सरळ करायचा), रंग 6,600. एकूण 16,300.

क्लेम टाकावा की स्वतः करून घ्यावं? दोन दिवसांत ठरवायचं आहे.

---

बाळेवेस | 9:52

स्वतः करा. 50 टक्के बोनस हातचा घालवू नका.

---

ओडी_टीपी | 10:20

@बाळेवेस, 50 टक्के कशाचे, ते आधी बघू या. बोनस फक्त ओडीवर मिळतो, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर) नाही. 1000 ते 1500 सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम 1 जून 2022 च्या दरांप्रमाणे 3,416 आहे, तो बोनस असला तरी तेवढाच आणि नसला तरी तेवढाच. यांचा बोनस 4,200 च्या निम्मा, म्हणजे 2,100. वर 18 टक्के जीएसटी धरला तर 2,478. पॉलिसीवर "50%" मोठ्या अक्षरात छापलेलं असतं म्हणून तो खजिना वाटतो.

आता क्लेममधून हातात काय येईल ते. गाडी दहा वर्षांवरची आहे, म्हणून पत्र्याच्या पार्टलाही 50 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात. प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, टायर यांना गाडी नवी असली तरी 50 टक्केच. फायबर ग्लासला 30. काचेला शून्य. म्हणजे यांच्या 14,000 च्या पार्टमधले सरळ 7,000 मिळणार.

मजुरीवर घसारा नाही, 7,000 पूर्ण. रंगाचं बिल एकत्र असेल तर त्यातला 25 टक्के भाग मटेरियल धरतात आणि त्या मटेरियलवर 50 टक्के कापतात. 12,000 मधले मटेरियल 3,000, त्यातले 1,500 गेले, 10,500 मिळाले.

7,000 अधिक 7,000 अधिक 10,500, झाले 24,500. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीचा सक्तीचा वजावटीचा भाग 1,000. विमा कंपनी देणार 23,500, तुमच्या खिशातून 9,500.

---

जुळेसोलापूर_ताई | 10:41

मग 9,500 विरुद्ध 16,300. क्लेमच टाकायचा ना? यात प्रश्न काय आहे?

---

ओडी_टीपी | 11:05

ताई, बोनस एकाच वर्षाचा जात नाही, प्रश्न तिथे आहे. बोनसची शिडी 20, 25, 35, 45, 50 अशी. क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून. क्लेम नसता तर दरवर्षी 50 मिळत राहिले असते. तुलना करा: पहिल्या वर्षी तोटा 50, दुसऱ्या वर्षी 30, मग 25, मग 15, मग 5. सहाव्या वर्षी बरोबरी. बेरीज 125.

म्हणजे 50 टक्क्यांवर बसलेल्याला एका क्लेमची किंमत सव्वा वर्षाच्या ओडी प्रीमियमइतकी पडते. 4,200 ची सव्वापट 5,250, जीएसटी धरून 6,195. हा वरचा आकडा समजा, कारण आयडीव्ही दरवर्षी उतरते तसा ओडीही थोडा उतरतो.

आता बेरीज: 9,500 अधिक 6,195 म्हणजे 15,695. गॅरेजचे 16,300. सहाशे रुपयांचा फरक! म्हणजे आकड्यांवर जवळपास बरोबरी आहे, निर्णय दुसऱ्याच गोष्टींवर होणार.

(सोलापूर ओडी दरासाठी बी झोनमध्ये येतं. पुण्या-मुंबईची नोंदणी ए झोनची, तिथे दर किंचित जास्त. गाडी कुठे चालते यापेक्षा कुठे नोंदली ते बघतात.)

---

पत्रा_मास्तर | 12 फेब्रुवारी, सकाळी 7:15

होटगीरोडकर, दोन्ही एस्टिमेटं बंपर न काढता केलेली दिसताहेत. कोपऱ्याचा मार नेहमी आत किती गेला यावर खर्च ठरतो, बाहेरून दिसतो त्यावर नाही. एसीचा कंडेन्सर बंपरच्या लगेच मागे, त्याच्या मागे रेडिएटर. सपोर्टची पट्टी वाकली असेल तर कंडेन्सरचा डावा खालचा कोपरा दाबला गेल्याची शक्यता पुष्कळ. तो निघाला तर 16,300 चे सहज 23-24 हजार होतील, आणि तुमचं बरोबरीचं गणित उलटं होईल.

काहीही न खोलता आज एवढं बघा की:

गाडी गार असताना कूलंटच्या डबीवर खूण करा, एक दिवस वापरा, परत गार झाल्यावर बघा. पातळी उतरली तर रेडिएटर किंवा होजला धक्का आहे. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते.

एसी चालू करून दहा मिनिटं उभी ठेवा. गारवा कमी असेल, किंवा ग्रिलमधून टॉर्च मारल्यावर कंडेन्सरच्या जाळीवर तेलकट ओला डाग दिसला, तर गॅस गळतोय. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल बाहेर येतं, म्हणून तो डाग.

पंखा फिरताना कशाला घासतोय का ऐका. पट्टी मागे सरकली की पंख्याची चौकट रेडिएटरवर टेकते.

बॉनेट बंद करून दोन्ही बाजूंची फट बघा. डावीकडे निमुळती होत जात असेल तर सपोर्ट किंवा बिजागरी सरकली. मग डावा पुढचा दरवाजा उघडा-बंद करा. दरवाजा आणि फेंडरमधली फट वर-खाली सारखी पाहिजे. दरवाजा अडत असेल तर मार फेंडरच्या मागे, खांबापर्यंत गेला आहे, आणि मग हे गॅरेजात हातोड्यावर करायचं काम राहत नाही.

शेवटी चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर टेपने दोन्ही बाजूंना मोजा आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध राहतं का बघा.

---

मार्केटयार्ड | 7:50

एवढं कशाला? बंपर काढायला अर्धा तास लागतो. दहा-बारा क्लिपा आणि चार स्क्रू. काढा, बघा, मग ठरवा.

---

सर्व्हेतात्या | 8:30

@मार्केटयार्ड, कृपा करून तसं करू नका. क्लेम टाकण्याची दहा टक्केही शक्यता असेल तर सर्व्हेच्या (विमा कंपनीच्या तपासणीच्या) आधी एक स्क्रूही काढायचा नाही. उघडलेल्या गाडीत कुठला पार्ट अपघातात गेला आणि कुठला खोलताना गेला हे सांगता येत नाही, आणि तो वाद नेहमी मालकाच्या अंगावर येतो. दुरुस्ती करून मग क्लेम टाकणं तर नाहीच.

क्रम असा ठेवा. आत्ताच विमा कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर घ्या. पॉलिसीत "तात्काळ" असा शब्द असतो, त्याचा अर्थ एक-दोन दिवस असा घ्यावा. चारही कोपऱ्यांतून फोटो, नंबर प्लेट आणि मार एकाच फोटोत, चॅसिस नंबर, किलोमीटरचा फोटो. आरसी, लायसन्स आणि पीयूसी तयार ठेवा. कुणाला इजा नाही, तिसऱ्याचं नुकसान नाही, तर अशा ओडी क्लेमला सहसा पोलीस कागद मागत नाहीत.

सर्व्हे झाला की वर्कशॉप बंपर काढतं, आत काही निघालं तर पुरवणी एस्टिमेट देतं, आणि सर्व्हेअर पुन्हा बघून जातो. ते झाल्यावर खरा आकडा तुमच्यासमोर येतो. तेव्हाही क्लेम मागे घेता येतो. पैसे घेतलेच नाहीत तर बोनस जायला नको, पण क्लेम रक्कम न घेता बंद केल्याचं कंपनीचं पत्र किंवा मेल हातात घ्या. ते नसेल तर जूनमध्ये नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते तेव्हा "क्लेम नोंदवला होता" एवढंच उत्तर जातं आणि तुम्ही समजावत बसता.

अजून एक. फॉर्मवर कारण जे आहे तेच लिहा. "कुत्रं आडवं आलं, दुभाजकाला लागली" अशी तयार वाक्यं काही लोक सुचवतात. ट्रॉलीच्या कोपऱ्याची खूण ठरावीक उंचीवर, ठरावीक कोनात उमटते. खूण आणि कारण जुळलं नाही की सगळाच क्लेम अडकतो.

---

कोंडीफाटा | 9:10

उजव्या मागच्या दरवाज्यावर जुना ओरखडा असेल तर तोही याच क्लेममध्ये बसवून घेता येतो का? बरेच जण करतात म्हणतात.

---

सर्व्हेतात्या | 9:26

नाही. पुढच्या डाव्या माराचा मागच्या उजव्या दरवाज्याशी संबंध नाही. प्रत्येक घटना वेगळा क्लेम, आणि प्रत्येक क्लेमला वजावट वेगळी. जुन्या खरवडीत धूळ बसलेली असते, कडेला गंज असतो, ते लगेच ओळखू येतं.

मात्र एक गोष्ट खरी आहे: एकाच पॉलिसी वर्षात एक क्लेम झाल्यावर दुसरा झाला तरी बोनस आणखी खाली जात नाही, कारण तो आधीच शून्यावर गेलेला असतो. फार क्लेम दिसले तर कंपनी ओडीवरची सूट कमी करते, ते वेगळं.

आणि ओडी_टीपी यांच्या हिशोबात थोडी भर. 23,500 हा वरचा आकडा आहे. फाटलेला बंपर वेल्डिंगने होण्यासारखा असेल तर नवा मंजूर होत नाही. बदललेल्या पत्र्याच्या भंगाराचे दोनशे-तीनशे कापतात. एस्टिमेटमधली मजुरीही तपासून कमी करतात. 22 हजार धरून चला.

---

एमआयडीसी_अक्कलकोटरोड | 10:02

तिसरा रस्ता कुणी सांगितला नाही. क्लेम कंपनीच्या वर्कशॉपलाच टाकावा लागतो असं नाही. होटगी रोडच्या गॅरेजातही सर्व्हेअर येतो. तिथे कॅशलेस नसेल तर आधी सर्व्हे, मग मंजुरी, मग काम, मग पक्कं बिल आणि पैसे दिल्याची पावती, आणि त्यावर कंपनी खात्यात रक्कम टाकते. बिल साध्या कागदावरचं चालत नाही, दुकानाचं नाव, नंबर, पार्टनिहाय आकडे पाहिजेत.

पण त्यात फायदा थोडा. क्लेममध्ये तुमचा तोटा पार्टवर होतो, मजुरी आणि रंग जवळपास पूर्ण मिळतात. म्हणून जिथे मजुरी-रंग जास्त तिथे क्लेम चांगला बसतो, आणि जिथे नुसते पार्ट महाग, समजा फक्त हेडलॅम्प फुटला, तिथे क्लेम वाया जातो. 4,000 चा हेडलॅम्प, 2,000 घसारा, 1,000 वजावट, हातात 1,000 आणि बोनस शून्य!

---

जुळेसोलापूर_ताई | 10:15

हे वाक्य चिकटवून ठेवण्यासारखं आहे. मग नुसती पुढची काच फुटली तर?

---

एमआयडीसी_अक्कलकोटरोड | 10:31

काचेला घसारा नाही, म्हणून फक्त 1,000 वजावट आणि काच चिकटवायच्या मटेरियलचं थोडं. पण बोनस त्यानेही जातो, बोनस वाचवणारं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर. बाजारात कंपनीच्या काचेचा भाव विचारा, त्यातून हजार वजा करा, आणि तुमच्या ओडीच्या सव्वापटीशी ताडून बघा.

---

माढेकर | 11:20

विषय थोडा वेगळा आहे, पण जुनी गाडी आणि क्लेम म्हटल्यावर लिहितो. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ भागात गाड्या पाण्यात गेल्या. पुराचं नुकसान ओडीमध्ये बसतं, पण पाण्यात बंद पडलेली गाडी चावी मारून चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिन अडकलं, तर ते बसत नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते हा पुराने झालेला नाही, नंतर चावी मारल्याने झालेला बिघाड आहे. इंजिन प्रोटेक्ट कव्हर असेल तरच मिळतं, आणि दहा वर्षांवरच्या गाडीला ते सहसा देत नाहीत.

म्हणून पाणी दाराच्या उंबऱ्याच्या वर आलं असेल तर चावी लावायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टोचन करून न्या, एअर फिल्टर ओला आहे का बघा, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतंय का बघा. प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्यावरच पुढचं.

---

कोंडीफाटा | 11:45

ओ अण्णा, लै कामाचं सांगितलात. हे पावसाळ्याच्या आधी वेगळा धागा करून वर आणा की.

---

विजापूररोड_98 | 12:30

आयडीव्ही एवढी उतरलेली असताना फुल विमा ठेवायचाच कशाला? थर्ड पार्टीवर आणा आणि सगळं स्वतः करा.

---

ओडी_टीपी | 1:10

असहमत. यांचा ओडी बोनस वजा जाता 2,100, जीएसटी धरून 2,478. तेवढ्यात 1,80,000 ची चोरी, आग, पूर आणि मोठा अपघात येतो. जुन्या गाडीला फुल विमा ठेवायचा तो मोठ्या फटक्यासाठी, बंपरसाठी नाही. किरकोळ क्लेम टाकायचेच नाहीत असं ठरलेलं असेल तर ऐच्छिक वजावट घ्या. जुन्या टॅरिफप्रमाणे 2,500 च्या ऐच्छिक वजावटीला ओडीवर 20 टक्के सूट, जास्तीत जास्त 750. मग एकूण वजावट 3,500 होते.

आयडीव्ही मात्र पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तक्त्याने नाही. नूतनीकरणाला प्रीमियम कमी दिसावा म्हणून ती ओढून खाली आणू नका. सव्वाशे-दीडशे रुपयांसाठी चोरीच्या दिवशी दहा हजार कमी मिळतात.

---

सर्व्हेतात्या | 1:35

आयडीव्ही कमी ठेवण्याचा दुसरा धोका टोटल लॉसचा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. यांच्या बाबतीत ती रेषा 1,35,000, फार लांब आहे. पण 60,000 आयडीव्हीच्या गाडीला ती 45,000 वर येते, आणि वर्कशॉपच्या दरांनी समोरचा एक चांगला मार तेवढा सहज होतो. चालण्यासारखी गाडी, पण कागदावर संपलेली. तिथे स्थानिक गॅरेजचं एस्टिमेट दिलं तर गाडी वाचू शकते. उलट गाडी सोडायचीच असेल तर टोटल लॉस सोयीचा, कारण त्यात पार्टवर घसारा लागत नाही, आयडीव्हीतून फक्त वजावट जाते. आरसी रद्द करून द्यावी लागते.

---

होटगीरोडकर | संध्याकाळी 7:20

सगळ्यांचे मनापासून आभार. तात्यांच्या सांगण्याप्रमाणे सकाळीच कंपनीला कळवलं, क्लेम नंबर आला, सर्व्हेही दुपारी झाला. मास्तरांनी सांगितलेलं सगळं तपासलं. कूलंट हललेलं नाही. एसी गार आहे, जाळीवर डाग नाही. पंखा घासत नाही. बॉनेटची फट डावीकडे तीन-चार मिलिमीटर जास्त. दरवाजा मोकळा, चाकाचं अंतर दोन्हीकडे सारखं. सर्व्हेनंतर बंपर उतरवला: पट्टीचं डावं टोक बोटभर मागे, कंडेन्सरला लागलेलं नाही, दोघांमध्ये फट आहे.

म्हणजे आकडा 16,300 च्या आसपासच राहील असं वाटतं. बरोबरी कायम. आता?

---

पत्रा_मास्तर | 8:05

चांगली बातमी. पट्टी ओढून सरळ होईल, पण हातोड्याने ठोकून नको. साखळी लावून ओढायची आणि हेडलॅम्पच्या बोल्टच्या भोकांचं अंतर उजव्या बाजूशी जुळवायचं. ते जुळलं नाही तर नवा हेडलॅम्प बसतो, पण झोत वर जातो, आणि पुणे रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यात मारतो. बसवल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही झोत एका उंचीवर आणायला सांगा.

बाजारातल्या हेडलॅम्पबद्दल: काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे, वर ऊन थोपवणारा थर असतो. हलक्या मालाला तो थर पातळ असतो आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन वर्षांत पिवळा पडतो. 2,600 मध्ये कुठल्या मेकचा ते आधी विचारा. पूर्वीच्या हेडलॅम्पचे नुसते कान (बोल्ट लावायच्या पट्ट्या) तुटले असतील आणि वरचं आवरण शाबूत असेल तर कान दुरुस्तीचा किट लावून तोच परत बसतो, पण तुमचा फुटलाय म्हणता, म्हणून नवाच.

रंगावर मात्र 6,600 चा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. तीन पॅनेल, 2,200 ला एक. या भावात पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणि वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, होतो, पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगही मारतात. एनसी लवकर सुकतो, स्वस्त पडतो, आणि सोलापूरच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत त्याची चमक जाते. बिलावर "पीयू, क्लिअरसह" असं लिहून घ्या.

पत्र्यावर क्रम असा पाहिजे: उघड्या पत्र्यावर प्रायमर, मग लांबी (खड्डे भरायची पुट्टी), घासणं, सरफेसर, 800 च्या पाणपेपरने घासणं, बेसचे दोन-तीन हात, क्लिअरचे दोन. लांबी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड लांबी उन्हात पत्र्याबरोबर प्रसरण पावत नाही, तडकते आणि वर्षभरात खपली निघते. म्हणून बॉनेटची कड आधी पत्रा ठोकून जाग्यावर आणायची, लांबीने भरून नाही. काम झाल्यावर कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे पकडत नाही तिथे लांबी जास्त.

बंपर प्लास्टिकचा. त्याला आधी प्लास्टिक प्रायमर लागतो. तो वगळला की पहिल्या प्रेशर धुलाईला रंगाची साल निघते. बाजारातला बंपर काळा, बिनरंगाचा येतो, त्यावर साच्याचं मेण असतं, ते थिनरने पुसून हलकं घासल्याशिवाय काहीच धरत नाही.

आणि बूथ आहे का विचारा. नसेल तर सकाळी लवकर, जमिनीवर पाणी मारून, पंखा बंद ठेवून रंग मारायला सांगा. दुपारच्या वाऱ्यात मारला तर अंगावर खसखस टाकल्यासारखे दाणे बसतात.

---

मार्केटयार्ड | 8:20

मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून गॅरेजवाला घाबरेल की!

---

पत्रा_मास्तर | 8:31

घाबरायचं कशाला? चांगल्या डेंटरला असं विचारणारं गिऱ्हाईक आवडतं. तो स्वतःच दाखवतो कुठला डबा उघडला ते.

---

ओडी_टीपी | 9:00

होटगीरोडकर, एक गोष्ट आम्ही कुणीच विचारली नाही. ही गाडी अजून किती वर्षं ठेवणार? नवी घ्यायचा विचार आहे का?

---

होटगीरोडकर | 9:12

आहे. पुढच्या वर्षी जूनमध्ये विमा संपला की ही विकून नवी घ्यायची, साधारण नऊ-दहा लाखांची. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

---

ओडी_टीपी | 9:45

सगळा संबंध तिथेच आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की कंपनीकडून बोनसचं पत्र मिळतं, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या ओडीवर लागतं. जुनी गाडी घेणाऱ्याला तो बोनस जात नाही.

आता हिशोब पुन्हा. क्लेम घेतला तर या जूनला शून्य, म्हणजे 4,200 वर 2,100 चा तोटा. पुढच्या जूनला नव्या गाडीवर 50 ऐवजी 20. नव्या गाडीचा ओडी सूट धरून 16,000 समजा. तिथे 30 टक्के तोटा, पुढे 25, 15, 5, मिळून 75 टक्के, म्हणजे 12,000. एकूण 14,100, जीएसटी धरून 16,638. नव्या गाडीची आयडीव्हीही उतरते म्हणून दीड-दोन हजार कमी करा, 15,000 धरा.

वर्कशॉपला क्लेम: 9,500 अधिक 15,000, म्हणजे 24,500. गॅरेज: 16,300. आठ हजारांचा फरक, आणि तोही तात्यांनी सांगितलेली कपात न धरता. काल रात्री जे बरोबरीत होतं ते आता स्पष्ट आहे. खिशातून करा.

हेच उलटंही आहे. ही गाडी विकून पुढे गाडी घ्यायचीच नसती, तर बोनसला पुढे काही किंमत उरली नसती, आणि मी म्हटलं असतं क्लेम घ्या.

---

बाळेवेस | 9:50

पहिल्याच प्रतिसादात तेच लिहिलं होतं! पण आता कारण कळलं. शेंगाचटणी-भाकरी खाऊन परत वाचतो, उपाशीपोटी टक्के जमत नाहीत.

---

सर्व्हेतात्या | 10:05

मग उद्याच क्लेम मागे घेण्याचा मेल टाका आणि "रक्कम न घेता बंद" असं लेखी उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. तेच पत्र पुढच्या जूनला बोनसच्या पत्राबरोबर लागेल. आणि नूतनीकरण मुदतीतच करा. मुदत संपून 90 दिवस उलटले की बोनस आपोआप जातो, मग हा सगळा खटाटोप वाया.

कंपनीने तरीही बोनस नाकारला तर आधी तिच्याच तक्रार कक्षाला लेखी. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सोलापूर पुण्याच्या लोकपालाच्या हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही.

---

होटगीरोडकर | 10:30

ठरलं. मेल आत्ताच टाकला. उद्या गॅरेजला गाडी, बिलावर पीयू लिहून घेतो, हेडलॅम्पचा मेक विचारतो. मास्तर, एक शेवटचं: पावणेबारा वर्षांचा रंग उन्हाने फिका झालाय. कंपनीच्या शेड नंबरने मारला तर डावी बाजू वेगळी दिसेल का?

---

पत्रा_मास्तर | 10:48

दिसेल. शेड नंबर हा नव्या गाडीचा रंग. पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढून रंगाच्या दुकानात न्या, ते गाडीइतकंच उन्हात तापलेलं असतं. त्याला पॉलिश मारून मग शेड जुळवायला सांगा, आणि डबा घ्यायच्या आधी जुळवलेला नमुना पत्र्याच्या तुकड्यावर मारून, सुकवून, दुकानाबाहेर उन्हात धरून बघा. ट्यूबलाइटखाली सगळे रंग जुळतात. डाव्या दरवाज्याच्या पुढच्या कडेवर बेस हलका विरत न्यायला आणि क्लिअर पूर्ण दरवाज्यावर मारायला सांगा. हजार-बाराशे जास्त लागतील, पण फेंडर आणि दरवाज्याच्या मधली रेघ दिसणार नाही. उरलेला रंग छोट्या बाटलीत भरून घ्या, जूनपर्यंत कुठे ना कुठे टच-अप लागतोच.